एक नियम काढून बघू

मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात गणित शिकवते. 2024 मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला आणि आठवीचे शनिवारचे तास माझ्याकडे आले. कुणी योगासनं घेतं, कुणी परसबाग करून घेतं, कुणी गाणी बसवतं. मी पटावरचे खेळ घेतले. खेळायचं कसं हे पोरांना शिकवावं लागत नाही, ती आपली आपण शिकतात. खेळ आतून चालतो कसा, कोणत्या नियमामुळे भिडू कसा वागायला लागतो, हे त्यांना ओळखता यावं एवढं मला हवं होतं. बोर्डगेम बनवणारे याला मेकॅनिक्स म्हणतात. फासा टाकून पुढे सरकणं हे एक मेकॅनिक, लपवून पत्ता निवडणं दुसरं, लिलाव तिसरं, सगळ्यांनी एकाच साठ्यातून उचलणं चौथं. अशी कितीतरी नावं आहेत. ती फळ्यावर लिहून पाठ करून घेणं सोपं होतं, पण त्याने हाती काही लागलं नसतं.

वर्गात बहुतेकांना लुडो येत होता, पण मोबाइलवरचा. मोबाइलवर नियम पाळायचं काम फोनच करतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही म्हणजे नाही. का निघत नाही हे विचारायला समोर कुणी नसतं. पुठ्ठ्याच्या पटावर मात्र नियम भिडूंनीच सांभाळायचा असतो. भांडणं होतात, कुणी रडीचा डाव खेळतं, मग “आमच्यात असं नसतंय” सुरू होतं. ते वाक्य ऐकलं की मला बरं वाटतं. असं म्हणणाऱ्या पोराला एवढं तरी कळलेलं असतं की नियम कुणीतरी केलेला आहे आणि दुसऱ्या घरी तो वेगळा असू शकतो.

पहिला खेळ सापशिडीचा. मी घरूनच फासा पुष्कळ वेळा टाकून आलेले आकडे कागदावर उतरवून आणले होते. ते फळ्यावर ओळीने लिहिले आणि एक मुलगा, एक मुलगी पुढे बोलावून सांगितलं, आज फासा टाकायचा नाही. आपली पाळी आली की फळ्यावरचा पुढचा आकडा घ्यायचा आणि सोंगटी सरकवायची. थोडा वेळ दोघंही रंगात होती. मग मागच्या बाकावरचा एकजण बोटांवर मोजत मनातल्या मनात पुढे निघून गेला आणि एकदम ओरडला, “मॅडम, ही जिंकणारय! त्याला नव्व्याण्णवचा साप खाणारय!” सगळा वर्ग फळ्याकडे बघायला लागला. मुलगी सोंगटी हातात धरून तशीच थांबली आणि म्हणाली, “मग आम्ही दोघं इथं काय करायलोत?”

पुढचे सगळे शनिवार याच प्रश्नाभोवती गेले. सापशिडीत भिडूने ठरवायचं असं काहीच नसतं. आकडे फळ्यावर असोत की फाशातून पडोत, फरक इतकाच की फाशातले आधी दिसत नाहीत. सापशिडीचं मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात आहे आणि मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जातो, हे मी तिथेच सांगितलं. गोदाकाठचं आपेगाव आपल्या मराठवाड्यातलं, त्यामुळे पोरांना त्याचं अप्रूप वाटलं. कवड्यांवर खेळायच्या त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर मोक्षाचं. त्यावर एकीने विचारलं, “चांगलं वागायचं का वाईट हे कवडीच ठरवणार असंल, तर माणसानं काय करायचं?” आठवीतल्या मुलीचा हा प्रश्न आहे. मला स्वतःला असं वाटतं की माणसाच्या हातात फार थोडं आहे हेच ज्याला सांगायचं असेल, त्याने भिडूकडून निर्णय काढून घेणं योग्यच. पट तिथे तोंडाने न बोलता सांगतो. पण हे मी मत म्हणून सांगितलं, उत्तर म्हणून लिहून दिलं नाही.

मग एकच बदल केला. दोन फासे टाकायचे आणि दोनांपैकी कोणता घ्यायचा ते भिडूने ठरवायचं. बाकी सगळी सापशिडी तीच. दोन मिनिटांत वर्गाचा आवाजच बदलला. आधी “पडला, पडला” असा गलका होता, आता “थांब, थांब, चार घेतला तर शिडी लागती, पण तीन घेतला तर पुढच्या वेळी…” अशी कुजबुज. पोरं पटावर वाकली होती.

त्या दिवसापासून वहीत तीन रकाने पाडायचा शिरस्ता ठरला. पहिल्यात कोणता नियम काढला किंवा बदलला, दुसऱ्यात खेळात काय फरक पडला, तिसऱ्यात माणसात काय फरक पडला. एका वेळी एकच नियम बदलायचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. प्रयोगशाळेत हे सांगून पोरांच्या डोक्यात शिरत नाही. इथे न सांगता शिरलं, कारण दोन नियम एकदम बदलले की भांडण मिटवता येत नव्हतं. तिसरा रकाना भरायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला सगळे “मजा आली” आणि “बोअर झालं” एवढंच लिहायचे. “कोण गप्प बसलं? कोण कुणाशी बोलायला लागलं? कुणी घाई केली?” असं विचारत राहिले तेव्हा कुठे रकाने भरू लागले.

कवड्यांचा खेळ पोरांच्या घरातूनच आला. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, चार भिडू. कुणाच्या घरी त्याला चल्लस-आठ म्हणतात, कुणाच्या घरी अष्टाचम्मा. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान. चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांचा फेरा मारून आतल्या आठ घरांत शिरते आणि तिथून मधल्या घरात पिकते. फुलीच्या घरात कुणी कुणाला मारू शकत नाही. आणि एक मोठा नियम: दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जायचं नाही.

हाच नियम आम्ही काढला. कुणालाही न मारता आत जायची मुभा दिली. बहुतेकांना वाटलं होतं की खेळ लवकर संपेल, एवढंच होईल. खेळ लवकर संपलाच, पण तिसऱ्या रकान्यात एका मुलाने लिहिलं होतं: “कुणी कुणाकडे बघितलंच नाही.” प्रत्येकजण फुलीवरून फुलीवर उड्या टाकत आपली सोंगटी घेऊन गपचूप घरी गेला. चार जण एका पटावर बसून चार वेगळे खेळ खेळत होते. नियम परत घातला तेव्हा तेच चौघं पुन्हा एकमेकांच्या मागे लागले, हातघाईवर आले, आणि एकाने आपली पुढे गेलेली सोंगटी सोडून मागची हलवली, का तर शेजारणीची सोंगटी टप्प्यात होती. ज्या कुणी पहिल्यांदा हा नियम घातला असेल, त्याला खेळ म्हणजे काय हे फार खोलवर कळलं होतं असं मला वाटतं. आमच्या आज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवला, यातही मोठी समज आहे.

याच खेळात गणित आपसूक आलं. कवड्या कमी पडल्या म्हणून पोरांनी चिंचोके आणले. चिंचोका ओट्यावर घासून एका बाजूने पांढरा करायचा की झाली कवडी. चार चिंचोक्यांची दोन्ही अंगं सारख्या वेळा पडतात असं धरलं तर सोळा शक्यता. त्यातल्या सहांत दान दोन, चारांत एक, चारांत तीन, आणि चार व आठ फक्त एकेकदा. हे फळ्यावर मांडून झाल्यावर मी सांगितलं, आता टाकून बघा. गटागटाने टाकून नोंदी केल्या तर कुणाचंच गणिताशी जुळेना. घासलेलं अंग सपाट, दुसरं गोलसर. त्यामुळे चिंचोका एका अंगावर जास्त बसतो. एका गटाच्या चिंचोक्यांवर आठाचं दान भरमसाट पडत होतं. ते चिंचोके कुणी किती घासले यावर चौकशी बसली. मला त्यातून एवढंच पुढे न्यायचं होतं की नशीब हाही खेळाचा एक भाग आहे, आणि तो घासून हवा तसा करता येतो.

दोन फाशांचं थोडक्यात उरकलं. छत्तीस शक्यतांत सातची बेरीज सहा प्रकारे येते, दोनची आणि बाराची एकेकच. माझा भाचा पुण्याहून कॅटान नावाचा जर्मन खेळ घेऊन आला होता, 1995 साली आलेला. त्याच्या प्रत्येक आकड्याखाली ठिपके असतात. सहा आणि आठ या आकड्यांखाली पाच-पाच. ते ठिपके म्हणजे छत्तीसपैकी किती शक्यता, हे न सांगता एका मुलीने ओळखलं. सात पडलं आणि हातात सातपेक्षा जास्त पत्ते असले की निम्मे टाकून द्यायचे, हा त्यातला नियम पोरांना फार आवडला. साठेबाजाला चाप बसतो म्हणाली. खेळ अख्खा खेळलोच नाही, तेवढा वेळ नव्हता.

वाघबकरीसाठी वर्ग गावातल्या देवळात नेला. ओट्याच्या दगडावर तो पट कुणीतरी केव्हातरी कोरून ठेवलेला आहे. पोरं रोज त्यावर बसतात, पण तो खेळ आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी खडे वेचून मांडून दाखवलं: तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर आणायच्या, सगळ्या येईपर्यंत एकही हलवायची नाही. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी तिन्ही वाघ कोंडले की त्या जिंकल्या.

पोरांना अर्थातच वाघ व्हायचं होतं. आबा बकऱ्यांकडून खेळले आणि ओळीने सगळ्यांना हरवलं. एकाने विचारलं, आबा, तुम्ही दोन बकऱ्या मुद्दाम खाऊ दिल्या का? आबा म्हणाले, “एक मुद्दाम दिली, एक गेली. देताना बघायचं, वाघ खाऊन कुठं जाऊन पडतोय. तितून त्याला परत यायला चार घरं लागत्यात. तवर आपण मागं भरून घ्यायचं.” बोलता बोलता त्यांनी खडा उचलून वाघाच्या मागच्या घरात ठेवला, आणि समोरच्या पोराला कळलं की त्याचा एक वाघ आता हलत नाही.

इथे पहिल्यांदाच पोरांनी असा खेळ बघितला ज्यात दोन बाजूंचे नियमच वेगळे आहेत, ताकद वेगळी, जिंकणं वेगळं, आणि तरी तो तोलाचा आहे. पुढच्या शनिवारी बकऱ्या बारा करून बघितल्या: वाघ कोंडता येईनात. मग पंधराच ठेवून, सगळ्या पटावर यायच्या आधीच बकऱ्या हलवायची मुभा दिली. बकऱ्या खेळणारी पोरं नवी बकरी आणायचं सोडून आहेत त्याच पळवायला लागली. खेळ रेंगाळला. “मुभा दिली तर बकऱ्या भित्र्या झाल्या,” असं एकीने तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं.

‘व्यापार’ या खेळाचा डबा कुणाच्या तरी घरी होताच. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईने 1904 साली जमीनमालकाच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमीन थोड्यांच्या हाती गेली की बाकीच्यांचं काय होतं, हे लोकांना खेळातून दिसावं हा तिचा हेतू होता. त्याच पटासाठी तिने दोन प्रकारचे नियम केले: एकात एकजण सगळं गिळून बाकीच्यांना कंगाल करतो, दुसऱ्यात कुणाचीही भरभराट झाली तरी सगळ्यांना वाटा मिळतो. पुढे 1935 साली पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली म्हणून जो खेळ बाजारात आणला, त्यात पहिल्या प्रकारचेच नियम राहिले, आणि आपला व्यापार त्याच घराण्यातला. आम्ही दोन्ही प्रकारांनी एकेक डाव खेळलो. पट तोच, पैसे तेच, पोरंही तीच. पहिल्या डावात दिवाळं निघालेली मुलगी उठून खिडकीत जाऊन उभी राहिली होती. दुसऱ्या डावात तीच दुसऱ्याने घर बांधलं की टाळ्या वाजवत होती, कारण तिलाही वाटा मिळत होता.

इतकं झाल्यावर मी म्हटलं, आता आपला खेळ करायचा. विषय तुम्ही सांगा. क्रिकेट, यात्रा, निवडणूक अशी नावं आली आणि मग एकाने म्हटलं, “पाण्याचा.” त्यावर कुणी वाद घातला नाही. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा ही पोरं अगदी लहान होती, पण घराघरात ती गोष्ट सांगितली जाते. टँकर तर त्यांनी स्वतः बघितलेत.

पहिला आराखडा वर्गानेच केला. मधे एक वाटी, तिच्यात 40 चिंचोके: हे जमिनीतलं पाणी. पाच भिडू, पाच शेतकरी. आठ फेऱ्या. दर फेरीला प्रत्येकाने लपवून एक पत्ता निवडायचा, ऊस किंवा सोयाबीन, आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा. उसाला वाटीतून 4 चिंचोके लागतात, मिळतात 5 रुपये. सोयाबीनला 1 चिंचोका, मिळतात 2 रुपये. फेरी संपली की फासा टाकायचा. जितका पडेल तितका पाऊस वाटीत. वाटीत सगळ्यांच्या मागणीइतकं पाणी नसेल तर त्या फेरीत कुणालाच काही नाही.

पहिला डाव तिसऱ्या फेरीत आटोपला. पाचही जणांनी पाचही पत्ते उसाचे टाकले. चाळिसातले वीस गेले, पाऊस तीन. पुन्हा वीस गेले, पाऊस दोन. वाटीत उरले पाच, आणि तिसऱ्या फेरीलाही सगळ्यांचा ऊसच, म्हणून कुणालाच काही नाही. पाचांकडे दहा-दहा रुपये, आणि पुढच्या पाच फेऱ्यांना जेमतेम सोयाबीनपुरतं पाणी. “सगळ्यांनीच ऊस कशाला लावला?” असं बघणाऱ्या पोरांनी विचारलं. खेळणाऱ्यांतला एक म्हणाला, “मी नसता लावला तरी ह्या लोकांनी ओढलंच असतं की.” प्रत्येकाचं उत्तर हेच होतं. आमच्याकडे बांधावर ऐकू येणारं वाक्य त्या पाच जणांनी जसंच्या तसं म्हटलं, आणि ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लपवलेला पत्ता आणि एकच वाटी या दोन नियमांनी ते त्यांच्या तोंडून काढून घेतलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल अशाच सामाईक साठ्यांच्या अभ्यासासाठी मिळालं, आणि आंध्र प्रदेशात भूजलाचे असे खेळ गावकऱ्यांना बसवून खेळले गेले आहेत, हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी शहाण्यासारखे पत्ते टाकले असते.

मग नियमांवर नियम सुरू झाले. पहिली सूचना बोअरची: 3 रुपये देऊन बोअर खोल घ्यायचं, पाणी कमी पडलं की ज्याचं बोअर सगळ्यात खोल त्याला आधी. ही सूचना करणाऱ्याला वाटलं होतं, जो कमावतो तो वाचेल. झालं असं की एकाने बोअर घेतलं की दुसऱ्याला घ्यावंच लागे, मग पहिल्याला आणखी खोल. डावाच्या शेवटी सगळ्यांची बोअरं सारखीच खोल, खिसे रिकामे आणि वाटीतला पाऊस जितका पडायचा तितकाच. बोअरचा पत्ता कुणी काढू दिला नाही, मात्र. खरं आहे ते ठेवायचं म्हणाले.

दुसरी सूचना पत्ते उघडे टाकायची. मग शेवटी टाकणाऱ्याचं फावलं, कारण त्याला सगळ्यांचं दिसायचं. म्हणून पहिला मान फेरीगणिक पुढे सरकवला. तिसरी सूचना: बोलून ठरवायचं. इथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. वर्गातला एक हुशार पोरगा सगळ्यांचे पत्ते तोच सांगायला लागला. त्याचा हिशोब बरोबर होता, पण बाकीचे चौघं नुसते हात हलवत होते. त्यांच्या वहीत काय आलं असेल? “सापशिडी झाली.” मिळून खेळायच्या खेळांत हा दोष नेहमी येतो आणि त्यावर एक उपाय म्हणजे प्रत्येकाकडे थोडं गुपित ठेवणं. म्हणून बोलणं मोकळं ठेवलं, पत्ते परत लपवले. आता शब्द देता येत होता आणि शब्द मोडताही येत होता. हा डाव सगळ्यात जिवंत झाला.

त्या हुशार पोराचा हिशोब मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. फाशाची सरासरी साडेतीन. आठव्या फेरीनंतरचा पाऊस कामाचा नाही, म्हणजे सात पाऊस, साधारण चोवीस चिंचोके. वाटीतले चाळीस धरून चौसष्ट. पाच जणांनी आठही फेऱ्या सोयाबीनच घेतलं तर चाळीस लागतात. उरले चोवीस. सोयाबीनच्या जागी ऊस लावायचा तर एका वेळी तीन जास्त लागतात. चोवीस भागिले तीन, आठ. म्हणजे आठ फेऱ्यांत सगळ्यांत मिळून आठ ऊस. फेरीला एकाच्याच रानात. त्याने हे फळ्यावर मांडलं तेव्हा एकजण म्हणाला, “म्हणजे पाळी लावायची.” दुसऱ्याने हिवरे बाजारचं नाव काढलं. नगरकडच्या त्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पाच जण आणि आठ पाळ्या, तेव्हा तिघांना दोनदा आणि दोघांना एकदाच, यावर अर्धा तास गेला.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ऊस तोडणाऱ्याचा पत्ता कुठंय?”

ती हंगामी वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की आमच्याकडून घरंच्या घरं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आमच्या खेळात पाच शेतकरी होते, आणि वर्गातल्या कितीतरी पोरांचे आई-बाप त्यात कुठेच नव्हते. मी खडू तिच्या हातात दिला.

तिने सहावा भिडू घातला. त्याला सुरुवातीलाच 6 रुपये उचल. कुणीही ऊस लावला की तोडणीचा 1 रुपया त्याला, पण उचल फिटेपर्यंत तो परत मुकादमाकडे. स्वतःच ती भूमिका घेऊन बसली. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाली, “मला ठरवायला काहीच नाही. ह्यांनी लावला तर तोडायचा.” आणि तिने स्वतःच हिशोब केला: सगळ्यांनी हावरटासारखा ऊस लावला तर दोन फेऱ्यांत दहा तोडण्या, उचल फिटून 4 रुपये हातात. पाळी लावून शहाण्यासारखं वागले तर आठ तोडण्या आणि हातात 2. फळ्यावरचा जो हिशोब सगळ्यांना न्याय्य वाटत होता, त्यात तिचा तोटा होता. वर्ग बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. शेतकरी झालेल्यांतलाच एकजण म्हणाला, “हिला पण एक चाल पाहिजे.”

चाल सापडली ती म्हाताऱ्यांच्या आठवणीतून. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या आजी-आजोबांनी खडी फोडली, बांध घातले. त्या दुष्काळाने वाढवलेली रोजगार हमी महाराष्ट्रात 1977 साली कायदा झाली, हे आम्ही इतिहासाच्या सरांना विचारून पक्कं केलं. म्हणून मजुराला दोन वाटा दिल्या: फेरीत ऊस तोडायचा, किंवा नाल्यावर बांध घालायचा. बांध झाला की पुढच्या प्रत्येक पावसात एक चिंचोका जास्त. मजुरी पाच शेतकऱ्यांनी मिळून द्यायची. पहिल्या फेरीत घातलेला बांध सात पावसांत सात चिंचोके देतो, म्हणजे आणखी दोन ऊस, 6 रुपये. पाचव्या फेरीतला तीनच चिंचोके देतो, एक ऊस, 3 रुपये. त्यानंतरचा एका उसापुरताही नाही. त्यामुळे शेतकऱ्यांना ती पहिल्याच फेरीत नाल्यावर हवी असते, आणि त्या वेळी त्यांच्या खिशात एक रुपयाही नसतो. उधारीवर काम करायला ती तयार नाही.

सध्या गाडी मजुरीवर अडली आहे. शेतकरी 2 म्हणतात, ती 3 म्हणते. पहिल्या फेरीची मजुरी पीक आल्यावर व्याजासकट द्यायची असा एक प्रस्ताव आहे. त्यावर तिने विचारलंय की शब्द मोडला तर काय, कारण या खेळात शब्द मोडता येतो. पुढच्या शनिवारी दोन गट दोन वेगळ्या नियमांनी खेळणार आहेत आणि तिसरा गट फक्त तिसरा रकाना भरणार आहे. वाटीतले चिंचोके कमी पडायला लागलेत, तेवढे घरून आणायला सांगितलेत.